आई-वडील कोल्हापुरात, मुलं बाहेरगावी: लांबून देखभालीची घडी कोणत्या क्रमानं बसवावी

पुण्यात, बेंगळुरूत किंवा परदेशात असलेली मुलं कोल्हापुरातल्या आई-वडिलांसाठी लांबून देखभाल करणारी सेवा घेतात आणि बहुतेक जण क्रम उलटा लावतात. आधी ऑनलाइन कॅमेरा किंवा गळ्यातलं बटण मागवलं जातं. ते कुठं लावायचं हे ते घरी आल्यावर ठरतं. बटण दाबल्यावर दाराशी कोण पोचणार आणि दार उघडणार कसं, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. मग पैसे भरूनही आई बाथरूममध्ये तासभर पडून राहते, आणि दोष यंत्राला दिला जातो.

या सेवांत साधारण पाच गोष्टी येतात: रोजचा खुशालीचा फोन, आपत्कालीन बटण (दाबलं की सेवा देणाऱ्याच्या केंद्राला आणि ठरलेल्या माणसांना फोन जातो), घरातली हालचाल टिपणारे सेन्सर, बीपी-शुगरच्या नोंदी आणि व्हिडिओवर डॉक्टर. यातली एकही गोष्ट पडलेल्या माणसाला उठवून बसवत नाही. ते काम कुणीतरी घरी येऊनच करावं लागतं. म्हणून खालच्या क्रमात आधी माणसं येतात, मग घर आणि त्यानंतर यंत्र.

सुरू करण्याआधीची तपासणी: स्वतः चालणं, जेवणं, अंघोळ आणि साधे निर्णय ज्यांना जमतात, त्यांच्यासाठी ही सेवा आहे. गॅस चालू राहतोय, ओळखीच्या गल्लीत वाट चुकतेय, रात्री संडासला जायला आधार लागतोय, असं काही असेल तर घरात माणूसच हवा. तिथं बटण लावून मनाची समजूत काढू नका.

## टप्पा १: विचारा, आणि आठवडाभर वहीत लिहा

आई-वडिलांना न विचारता लावलेली सेवा महिनाभरात बंद पडते. फोनवर ‘मी मागवलंय, उद्या माणूस येईल’ असं सांगू नका. सुट्टीत घरी आलात की समोर बसून बोला. ‘कशाला पाहिजे ते? मला काय झालंय?’ हे पहिलं उत्तर असणारच. त्यावर वाद घालू नका. त्यांना स्वतःला कशाची धास्ती वाटते ते विचारा. कुणाला रात्री एकटं वाटतं, कुणाला जिन्याची भीती असते, कुणाला ‘मेलो तर दोन दिवस कळायचं नाही’ ही चिंता असते. ज्याची धास्ती आहे त्याच्यावरचा उपाय ते आनंदानं वापरतात.

मग आठवडाभर एक साधी वही ठेवा. कितीला उठतात, दूध कोण आणून देतं, अंघोळ कधी, देवपूजा किती वेळ, दुपारी झोप किती, बाहेर कुठं आणि किती वाजता जातात, रात्री किती वेळा उठतात. कोण कोण घरी येतं तेही लिहा: कामवाल्या मावशी, दूधवाला, डबेवाला, पेपरवाला. दिवसातले कोणते तास आई-वडील कुणाच्याही नजरेआड असतात, ते या वहीतून कळतं. बहुतेक घरांत हे तास दुपारी दोन ते पाच आणि रात्री दहा ते सकाळी सहा असतात. सेवा त्या तासांसाठी घ्यायची आहे. सकाळी दहाला मावशी घरात असताना येणारा खुशालीचा फोन वाया जातो.

कॅमेऱ्याचा विषय इथंच मिटवा. बेडरूम आणि बाथरूममध्ये कॅमेरा नको, हा माझा ठाम सल्ला आहे. बैठकीच्या खोलीतही त्यांनी ‘हो’ म्हटलं तरच लावा, आणि तो बंद कसा करायचा ते त्यांना शिकवा. वडिलांच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय डोकावणं हे देखभालीत येत नाही.

## टप्पा २: दारापर्यंत पोचणारी माणसं ठरवा

सगळ्यांत जास्त वेळ इथं द्या. किमान तीन माणसं लागतात.

पहिला माणूस चालत पाच-सात मिनिटांत पोचेल असा हवा. बहुधा शेजारी. फक्त ‘काकी, जरा लक्ष असू द्या’ एवढं सांगून भागत नाही. फोन आला तर नेमकं काय करायचं ते त्यांच्याशी बोला: आधी हाक मारायची, मग किल्लीनं दार उघडायचं, पडलेल्या माणसाला घाईनं उचलायचं नाही, १०८ ला फोन करायचा. त्या काकी स्वतः पंचाहत्तरीच्या असतील, तर त्यांच्या घरातल्या तरुण माणसाचा नंबरही घ्या.

दुसरा माणूस दुचाकीवरून पंधरा-वीस मिनिटांत येणारा. मावसभाऊ, भाचा, वडिलांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी. पेठांमध्ये राहणाऱ्यांनी गल्लीतल्या तालमीच्या एक-दोन जबाबदार पोरांशी बोलून ठेवावं. रात्री-अपरात्री चार हात लागले तर तीच धावून येतात आणि जिन्यावरून खुर्चीतून माणूस खाली आणणं त्यांना जमतं.

तिसरा माणूस निर्णय घेणारा. दवाखान्यात सही कोण करणार, पैसे कोण भरणार? तुम्ही विमानात असाल किंवा तिकडे रात्र असेल, तेव्हा ज्याच्या शब्दावर डॉक्टर पुढं जातील असा एक नातेवाईक कोल्हापुरातच ठरलेला असावा.

आता पत्ता. कोल्हापूरचे कागदावरचे पत्ते ‘सी वॉर्ड’, ‘ई वॉर्ड’ आणि सिटी सर्व्हे नंबरवर चालतात. रुग्णवाहिकेच्या चालकाला आणि दुसऱ्या शहरात बसलेल्या सेवा केंद्राला त्यातून काहीच कळत नाही. सेवेच्या अर्जात पत्ता सांगण्याजोगा लिहा: राजारामपुरीतली कितवी गल्ली, कोणत्या चौकातून आत, कोणत्या हाताला, खाली दुकान कशाचं, घराचा रंग, मजला. सोबत नकाशावरचं ठिकाण द्या आणि ती खूण नेमकी दारावर ठेवलीय ना ते बघा. जुन्या पेठेत नकाशा बऱ्याचदा मागच्या बोळात नेऊन सोडतो.

मोठी रुग्णवाहिका गल्लीत शिरत नसेल, तर ती कोणत्या चौकात थांबेल आणि तिथं कोण उभं राहील, हेही लिहून ठेवा. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत महाद्वार रोडच्या परिसरात गाडी आत येत नाही. त्या दिवसांसाठी दुसरी वाट आधीच ठरवा.

तपासणी: तिघांनाही एकदा फोन लावा आणि ‘किल्ली कुठं आहे?’ एवढंच विचारा. दोघांना जरी पटकन सांगता आलं नाही, तरी पुढं जाऊ नका.

## टप्पा ३: दार, कड्या आणि बाथरूम

शेजारी किल्ली दिलेली असते. तरीही रात्री दार उघडत नाही, कारण आईनं आतून वरची कडी, मधली कडी आणि सेफ्टी डोअरची साखळी, सगळं लावलेलं असतं. चोरांच्या भीतीनं वर्षानुवर्षं लागलेली ही सवय आहे आणि नुसतं ‘लावू नकोस’ म्हटल्यानं ती जात नाही. आधी तिला पर्याय द्या. बाहेरून किल्लीनं आणि आतून नुसत्या मुठीनं उघडणारं चांगलं लॅच बसवा. दोन्ही दारांना तसंच हवं. आतून किल्ली लावून ठेवली की बाहेरची किल्ली आत जात नाही अशी काही कुलुपं असतात, ती घेऊ नका. लॅच बसल्यावर आईला स्वतः दार ढकलून बघू दे. ते पक्कं बसलंय याची तिला खात्री पटली की मग कड्या काढून टाका. आतून कुलूप लावलेलं ग्रील असेल तर त्याचीही एक किल्ली शेजारच्या जुडग्यात हवी.

बाथरूमला आतली कडी नकोच. बाहेरून नाण्यानं किंवा स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवता येईल असं लॅच मिळतं. दार आत उघडणारं असेल तर सुताराकडून ते बाहेर उघडणारं करून घ्या. लहान बाथरूममध्ये पडलेला माणूस दारालाच अडतो आणि दार ढकलता येत नाही.

बाकीची कामं एका दिवसात होतात. संडास आणि अंघोळीच्या जागी भिंतीत पक्के बसवलेले दांडे, कारण टॉवेलची दांडी वजन पेलत नाही. न घसरणारी चटई. अंघोळीला बसायला रुंद पायांचं स्टूल. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा. जुन्या वाड्यातले उंबरे उंच असतात. ते काढता येत नसतील तर त्यांवर उठून दिसणाऱ्या रंगाची पट्टी मारा.

इशारा: बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर तो बाहेर हलवा. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. माणूस बेशुद्ध होण्याआधी बटण दाबायचं त्याला सुचतच नाही.

## टप्पा ४: वीज आणि रेंज

यंत्र वायफायवर चालतं की सिमकार्डावर, हे घेण्याआधी विचारा. वायफायवरचं यंत्र वीज गेली की राउटरसोबत बंद पडतं. राउटर इन्व्हर्टरवर घ्या किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा बॅकअप लावा. मुख्य बटण मात्र स्वतःची बॅटरी असलेलं आणि सिमवर चालणारंच चांगलं.

दगडी किंवा जाड मातीच्या भिंतींच्या घरात रेंज खोलीगणिक बदलते. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असलेले दोन फोन घ्या आणि बाथरूममध्ये दार लावून, जिन्यात, माजघरात आणि गच्चीवर प्रत्येक ठिकाणाहून फोन लावून बघा. ज्याची रेंज बाथरूममध्ये नीट येते ते सिम यंत्रात घाला. बैठकीत चार कांड्या दिसतात म्हणून सिम ठरवू नका. त्या सिमचं रिचार्ज कुणाच्या नावावर आणि कधी संपतं, हे तुमच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

वीज गेल्याची तक्रार नोंदवायचा १९१२ हा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवा. त्याच कागदावर १०८, ११२ आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही लिहा.

## टप्पा ५: आता सेवा निवडा

पहिल्या टप्प्यातली वही समोर ठेवा आणि ज्या तासाला, ज्या धास्तीला जे लागतं तेवढंच घ्या. सगळं एकदम घेतलं तर आई-वडील गोंधळतात आणि तुम्हाला इतक्या सूचना येऊ लागतात की खरी सूचनाही तुम्ही बघत नाही.

एकट्या राहणाऱ्या पण धडधाकट माणसाला रोजचा फोन आणि बटण पुरेसं होतं. रात्री उठणाऱ्याला पलंगाजवळ आणि संडासाच्या वाटेवर हालचालीचा सेन्सर उपयोगी पडतो. सकाळी आठपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल नसेल तर फोन यावा, एवढा साधा नियम लावा. हृदयाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल तरच रोजच्या नोंदी घ्या.

सेवा देणाऱ्याला पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या.

- रात्री दोन वाजता बटण दाबलं तर फोन कोण उचलतं, आणि ते मराठी बोलतात का? घाबरलेल्या आजीला ‘आपका नाम बताइए’ हे ऐकून काय बोलावं ते सुचत नाही.
- कोल्हापुरात तुमचा स्वतःचा माणूस आहे का, की तुम्ही फक्त आमच्याच शेजाऱ्यांना फोन लावणार? दुसरं असलं तरी चालेल, पण पैसे त्या हिशेबानं द्या.
- पहिल्या माणसानं फोन उचलला नाही तर किती सेकंदांनी दुसऱ्याला लावता?
- रुग्णवाहिका तुम्ही बोलावता का? कोणत्या रुग्णालयात न्यायचं ते आम्ही आधी ठरवून देऊ शकतो का?
- नोंदी कुठं साठतात, कोण बघतं, आणि सेवा सोडली की त्या पुसता का?
- यंत्र बिघडलं तर बदली किती दिवसांत, आणि मधल्या दिवसांत काय?
- महिनाभर वापरून सोडली तर किती पैसे परत?

वर्षाचे पैसे एकदम भरल्यावर सूट देतो म्हणतात. पहिल्यांदा महिन्याच्या हिशेबानंच घ्या. जो महिन्याचा करार करायला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

बटणाबद्दल: ते पाण्यात चालणारं हवं, कारण पडण्याचा धोका बाथरूममध्येच जास्त असतो. गळ्यातली दोरी ओढली की सुटणारी हवी, नाहीतर ती पलंगाच्या खांबाला अडकून फास बसू शकतो. बायकांना मंगळसूत्र आणि साखळीत आणखी एक दोरी नकोशी वाटते, त्यांना मनगटावरचं द्या. आणि पूजेच्या वेळी, सोवळ्यात किंवा अंघोळीला जाताना ते काढून खुंटीला टांगलं जातं. म्हणूनच अंगावरच्या बटणाबरोबर बाथरूममध्ये भिंतीवरचं एक वेगळं बटण लागतं. त्याची दोरी जमिनीपासून वीतभर उंचीवर यावी. पोछा मारताना आड येते म्हणून मावशी ती दोरी गुंडाळून वर खोचतात, आणि पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही. मावशींना ती दोरी दाखवून कारण सांगा.

## टप्पा ६: बसवणं आणि चाचणी

यंत्र बसवायला माणूस येईल त्या दिवशी तुम्ही स्वतः घरी असा. किमान पाच दिवसांची रजा काढून या. याच क्रमानं करा:

1. आधी तिघांचे नंबर यंत्रात आणि सेवा केंद्राच्या नोंदीत घाला आणि प्रत्येक नंबरवर खरोखर फोन वाजतो का ते बघा.
2. आई-वडिलांच्या फोनमध्ये सेवा केंद्राचा नंबर नावानं साठवा. अनोळखी नंबर उचलायचा नाही असं आपणच त्यांना शिकवलेलं असतं, म्हणून खुशालीचा फोनही ते कापतात. तिन्ही मदतनीसांच्या फोनमध्येही तो साठवा.
3. आईला स्वतः बटण दाबू द्या. तुम्ही दाबून दाखवू नका. ‘उगाच दाबलं तर रागावतील’ ही भीती पहिल्याच दिवशी घालवा. चार वेळा दाबू दे.
4. दुपारी तीनला, शेजाऱ्यांना न सांगता चाचणी घ्या. घड्याळ लावा. पहिला माणूस दार उघडून आत येईपर्यंत किती वेळ लागला ते लिहा.
5. रात्री अकरानंतर दुसरी चाचणी. ही मात्र आधी सांगून घ्या, लोकांची झोप मोडायची आहे.
6. मेन स्विच बंद करून तिसरी.
7. बाथरूममध्ये जमिनीवर बसून, दार लावून, भिंतीवरच्या बटणाची चौथी. आवाज बाहेरच्या यंत्रापर्यंत पोचतो का ते इथं कळतं. बऱ्याचदा पोचत नाही. तेव्हा ‘आवाज आला नाही तरी माणूस पाठवा’ अशी सूचना सेवा केंद्राच्या नोंदीत लिहून घ्या.

इशारा: छातीत कळ, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काहीही झालं तर सेवा केंद्राच्या फोनची वाट बघायची नाही. थेट १०८. रक्ताची गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन आहे हे आजच विचारून कागदावर लिहा. ‘शेवटचं बरं कधी बघितलं होतं’ ही वेळ डॉक्टर सगळ्यांत आधी विचारतात, ती लक्षात ठेवायला शेजाऱ्यांना सांगा.

## टप्पा ७: बीपी आणि शुगर खरी मोजली जाते का?

चुकीचा आकडा मुलाच्या फोनवर येतो, मुलगा घाबरून डॉक्टरांना कळवतो, गोळी वाढते, आणि आठ दिवसांनी चक्कर येऊन आई पडते. म्हणून मोजायची पद्धत घट्ट बसवा.

मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी जास्त दाखवतं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना नको. लघवी करून यावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. पायावर पाय नको. हात टेबलावर, दंड छातीच्या उंचीला. ब्लाउजची किंवा शर्टाची बाही वर ओढून घट्ट करू नका, हात बाहेर काढा. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. मोजताना मुलीशी व्हिडिओवर गप्पा चालू असतील तर तो आकडा धरू नका. नाडी अनियमित असेल तर घरचं मशीन चुकू शकतं. तसं असेल तर डॉक्टरांकडे ते एकदा नेऊन ताडून घ्या.

उभं राहिल्यावर चक्कर येते अशी तक्रार असेल तर बसून मोजल्यावर उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, कुणीतरी शेजारी उभं असताना. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर ते डॉक्टरांना कळवायचंच. पडण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि बसल्या बसल्या घेतलेल्या रोजच्या नोंदीत ते कधीच दिसत नाही.

शुगर तपासण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. गूळ किंवा आंबा हाताळलेल्या बोटावर आकडा उगाच चढतो. पट्ट्यांची डबी घट्ट लावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या डबीतल्या पट्ट्या दमट होऊन बिघडतात. आकडा ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका.

आकडे अॅपमध्ये गेले तरी वहीतही लिहा. दवाखान्यात नेताना फोन घरी राहतो, वही पिशवीत जाते.

गोळ्यांसाठी सात दिवसांचा, सकाळ-रात्र वेगळी असलेला डबा घ्या आणि तो भरण्याचा वार ठरवा. सोमवारी अंबाबाईला जाण्याआधी, गुरुवारी मावशी असताना, जे जमेल ते. भरलेल्या डब्याचा फोटो तुम्हाला यायला हवा. आयुर्वेदिक काढा, गुडघ्याच्या वेदनेसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी, शेजारणीनं दिलेली गोळी, ही सगळी यादीत लिहा. अनेक वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि त्यांच्याबद्दल फोनवर कुणी आपणहून सांगत नाही.

## टप्पा ८: व्हिडिओवर डॉक्टर

नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारा की ते व्हिडिओवर बघतील का. त्यांना तुमच्या वडिलांची तब्येत माहीत असते. नवीन डॉक्टर असेल तर पहिली भेट समोरासमोर घ्या. नंतरच्या भेटी व्हिडिओवर चालतात. सरकारी ई-संजीवनी सेवेवर मोफत सल्ला मिळतो, किरकोळ तक्रारीला ती पुरते.

भेटीआधी वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, मागचा कागद, चष्मा आणि श्रवणयंत्र टेबलावर असू द्या. फोन हातात न धरता टेकवून ठेवा, खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. विचारायचे तीनच प्रश्न कागदावर लिहा. आई-वडिलांना बोलू द्या. तुम्हीही त्याच कॉलवर असाल तर मधे मधे उत्तरं देऊ नका. त्या अडखळत बोलण्यातूनच डॉक्टरांना बरंच कळतं.

प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक बघा, त्याशिवाय औषध घेऊ नका.

इशारा: धाप, छातीत दुखणं, पोटात असह्य कळ, पडल्यावर डोक्याला मार, नव्यानं आलेला गोंधळलेपणा. या पाचही वेळी व्हिडिओ नको, थेट दवाखाना. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा मारही दाखवायचा.

## टप्पा ९: पावसाळ्याची वेगळी तयारी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि पुण्याहून निघालेली मुलं कोल्हापुरात पोचू शकली नाहीत. शहरातला पाणीपुरवठा कोलमडला, अनेक भागांत वीज गेली. लांबून चालणारी सगळी सेवा अशा वेळी थंडावते.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली किंवा नदीकडच्या कोणत्याही सखल भागात घर असेल तर ४३ ची वाट बघू नका. ३९ झाले की त्याच दिवशी, उजेडात, आई-वडिलांना उंचावरच्या नातेवाइकाकडे हलवा. ‘मागच्या खेपेला पायरीपर्यंतच आलं होतं’ हे ऐकून थांबू नका. रात्री कंबरभर पाण्यातून ऐंशी वर्षांच्या माणसाला बोटीत चढवणं किती अवघड असतं ते तालमीच्या पोरांना विचारा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक पिशवी भरून ठेवा: पंधरा दिवसांची औषधं, औषधांची यादी, चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, चार्जर आणि पॉवर बँक, आधार, आरोग्य विम्याचं किंवा आयुष्मान कार्ड, थोडी रोख. सत्तरी ओलांडलेल्यांनी सरकारी आरोग्य विम्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलेलं नसेल तर तेही आधीच काढून घ्या, त्याला उत्पन्नाची अट नाही. इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर ते कुठं ठेवायचं ते ठरवा. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या माणसाला पाऊस वाढायच्या आधीच हलवा.

जिथं हलवलं त्या घराचा पत्ता सेवा केंद्राला कळवा. नाहीतर बटण गळ्यात असतं आणि माणसं रिकाम्या घराकडे धावतात.

## टप्पा १०: फसवणुकीपासून

सेवा केंद्राचे फोन उचलायची सवय लागली की त्याच सवयीचा फायदा घेणारेही फोन येतात. एक परवलीचा शब्द ठरवा, घरातल्याच जुन्या गोष्टीतला, आणि तो सेवा केंद्राला द्या. फोन करणाऱ्यानं तो शब्द सांगितला नाही तर आईनं फोन ठेवायचा. ओटीपी कुणालाच नाही, ‘सेवेचं नूतनीकरण’ म्हटलं तरी नाही. सगळे पैसे तुमच्याच खात्यातून जातील असं करा, म्हणजे आई-वडिलांकडे पैसे मागणारा प्रत्येक फोन खोटा, एवढा एकच नियम त्यांना लक्षात ठेवावा लागेल. व्हिडिओवर पोलिसांचा गणवेश घालून ‘डिजिटल अटक’ सांगणारे ठग एकट्या ज्येष्ठांनाच गाठतात. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम थांबवणं अवघड.

## टप्पा ११: दर तीन महिन्यांनी उजळणी

दिवाळी, संक्रांत, पाडवा, गणपती. घरी येणं होतंच, तेव्हा हे करा. बटण दाबून बघा. बॅटरी बदला. तिन्ही माणसं अजून तिथंच राहतात का ते विचारा. शेजारी घर बदलतात, पोरं नोकरीला बाहेर जातात, आणि यादीत तेच जुने नंबर राहतात. फ्रिज उघडा: नासलेलं दूध, तीच भाजी तीन दिवस, हे अॅपमध्ये दिसत नाही. गोळ्यांची पाकिटं मोजा. वजन करा. कपडे सैल झालेत का ते बघा. त्यांच्यासोबत चालत रंकाळ्यापर्यंत जा, म्हणजे चाल किती मंदावली ते कळेल.

पुढच्यापैकी दोन गोष्टी दिसल्या तर सेवा वाढवण्याऐवजी घरात माणूस ठेवण्याचा विचार सुरू करा: सहा महिन्यांत दोनदा पडणं, गोळ्या दुबार घेतल्या जाणं, अंघोळ टाळणं, वजन उतरणं, संध्याकाळी गोंधळणं, बटण दाबायचं असतं हेच विसरणं.

सेवा बदलताना किंवा बंद करताना नवी सुरू होऊन तिच्या चारही चाचण्या होईपर्यंत जुनी चालू ठेवा. नंतर जुनं यंत्र परत करून पावती घ्या, बँकेतला आपोआप पैसे कापण्याचा आदेश रद्द करा, साठवलेल्या नोंदी पुसल्याचं लेखी मागा, आणि शेजाऱ्यांच्या फोनमधला जुना नंबर खोडून नवा तुमच्या हातानं घाला.